अवजारांचा सण

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये वर्षातील एक दुपार इतर दुपारांसारखी नसते. एरवी तेथील रस्त्यांवरून चालताना गाळ्यागाळ्यांतून आवाज येत असतात. कुठे पॉवर प्रेसची धडधड, कुठे ग्राइंडरची किरकिर, कुठे पत्रा कापल्याचा कर्कश आवाज. त्या दुपारी मात्र हे आवाज एकेक करून थांबतात. कामगार हातात जुन्या कापडाच्या चिंध्या आणि रॉकेलचा डबा घेऊन यंत्रांपाशी बसतात आणि यंत्रे पुसू लागतात. संध्याकाळी त्याच यंत्रांवर झेंडूचे हार दिसतात.

हा दिवस म्हणजे खंडेनवमी. तिच्या दुसऱ्या दिवशी दसरा येतो. तुमच्यापैकी पुष्कळांचे वडील, चाचा किंवा मोठे भाऊ या कारखान्यांतून काम करतात. त्या दिवशी ते घरी येताना पेढ्यांचा किंवा फरसाणाचा एखादा पुडा आणतात आणि दुसऱ्या दिवशी शेजारचे काका हातात एक हिरवे पान ठेवतात. पुडा आपण उघडतो आणि पान कोठेतरी ठेवून देतो. पण पुडा का आला आणि पान का मिळाले, हे किती जणांना सांगता येईल?

प्रथम नावाकडे पाहू. खंडा म्हणजे सरळ पात्याची, दोन्ही बाजूंनी धार असलेली तलवार. आश्विन महिन्याच्या शुद्ध पक्षातील नवव्या दिवशी शस्त्रांची पूजा करतात, म्हणून ती खंडेनवमी. दसरा या शब्दात 'दश' म्हणजे दहा हा अंक आहे, कारण हा सण आश्विन शुद्ध दशमीला येतो. त्याला विजयादशमी असेही म्हणतात. तुम्ही उर्दूत दसेहरा म्हणता, तो हाच.

आता एक गंमत पाहा. मोहरमच्या दहाव्या दिवसाला आपण आशूरा म्हणतो आणि त्या शब्दाच्या मुळाशीही अरबीतील 'अशर' म्हणजे दहा हाच अंक आहे. हिंदू पंचांगातील महिना आणि हिजरी महिना हे दोन्ही चंद्रावर चालतात. महाराष्ट्रात अमावस्या संपली की नवा महिना सुरू होतो आणि आपला महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो. म्हणून दोन्हींतील दहावा दिवस एकमेकांच्या अगदी जवळ येऊ शकतो. २०१६ साली दसरा ११ ऑक्टोबरला होता आणि आशूरा १२ ऑक्टोबरला. २०१७ साली दसरा ३० सप्टेंबरला आला, तर आशूरा १ ऑक्टोबरला. एकीकडे विजयाचा आनंद आणि दुसरीकडे करबलाच्या शहीदांची आठवण. भाव वेगळे, पण आकाशातील चंद्र एकच.

मग दरवर्षी असे का होत नाही? चंद्राची बारा महिन्यांची गोळाबेरीज सुमारे ३५४ दिवस होते. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. हिजरी वर्षात हा अकरा दिवसांचा फरक भरून काढत नाहीत, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, तर कधी थंडीत. हिंदू पंचांगात मात्र सुमारे पावणेतीन वर्षांनी एक जादा महिना धरतात. त्याला अधिक मास म्हणतात. २०२२ साली दसरा ५ ऑक्टोबरला होता. पुढच्या वर्षी तो सप्टेंबरमध्ये यायला हवा होता, पण २०२३ साली अधिक श्रावण आला आणि दसरा २४ ऑक्टोबरला गेला. त्यानंतर २०२४ साली तो १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला, म्हणजे गांधी जयंतीच्याच दिवशी आला. अशा रीतीने तो मागेपुढे सरकतो, पण पावसाळा संपण्याच्या सुमारासच राहतो. हे लक्षात ठेवा, कारण या सणाच्या पुष्कळ चाली पावसाळा संपण्याशीच जोडलेल्या आहेत.

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर नद्यांना पूर असतो. पूर्वी पूल फार थोडे होते. वाटा चिखलाच्या असत. त्या काळात सैन्य घोडे, बैल आणि तोफा घेऊन दूर जाऊ शकत नसे. म्हणून पावसाळ्यात सैनिक छावणीत किंवा घरी राहत आणि अनेक जण शेती पाहत. आश्विनात नद्या उतरत, वाटा वाळत, रानात घोड्यांसाठी चारा उभा असे. मग पेटीतली शस्त्रे बाहेर निघत. चार महिन्यांच्या दमट हवेने त्यांच्यावर गंज चढलेला असे. तो घासून, तेल लावून, धार लावून शस्त्रे सज्ज केली जात. त्यांची पूजा होई आणि दसऱ्याला गावाची सीमा ओलांडून लोक मोहिमेवर निघत. याला सीमोल्लंघन म्हणतात. सीमा म्हणजे हद्द आणि उल्लंघन म्हणजे ओलांडणे. खेड्यांत त्याला शिलंगण म्हणतात. आता कोणी लढाईला जात नाही, पण दसऱ्याच्या संध्याकाळी गावाच्या वेशीबाहेर जाऊन परत येण्याची रीत अनेक गावांत आहे.

मराठ्यांच्या फौजेतील काही शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. जो स्वतःचा घोडा आणि स्वतःची शस्त्रे घेऊन येई, तो शिलेदार. हा शब्द 'सिलाहदार' यापासून आला आहे. सिलाह म्हणजे हत्यार. ज्याला घोडा सरकारातून मिळे, तो बारगीर. फौज, तोफ, सरदार हे शब्दही असेच आपल्या ओळखीचे. त्या फौजांत सर्व जातिधर्मांची माणसे होती. १७६१ साली पानिपतच्या लढाईत मराठ्यांच्या बाजूने लढणाऱ्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहीमखान गारदी हा होता.

कोल्हापूरला आजही दसरा मोठ्या थाटाने साजरा होतो. दसरा चौकात छत्रपतींच्या घराण्यातील मंडळी येतात, सूर्य मावळताना आपट्याच्या पानांची पूजा होते आणि लगेच लोक ती पाने घेण्यासाठी झेपावतात. याला सोने लुटणे म्हणतात. याच दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगची इमारत आहे. मुसलमान मुलांना शिकता यावे म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली या बोर्डिंगची सुरुवात करून दिली. कोल्हापूरला गेलात तर चौक आणि बोर्डिंग दोन्ही पाहून या.

शस्त्रांची पूजा का करतात, याची एक गोष्ट महाभारतात आहे. पांडवांना बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास भोगायचा होता. अज्ञातवास म्हणजे कोणालाही ओळख पटू न देता राहणे. त्या वर्षी ते विराट राजाच्या नगरीत वेष बदलून राहिले. कोणी स्वयंपाकी झाला, कोणी घोडे सांभाळू लागला. पण शस्त्रे जवळ असती तर ओळख पटली असती. म्हणून त्यांनी ती गुंडाळून नगराबाहेर शमीच्या मोठ्या झाडावर लपवली. लोकांनी जवळ येऊ नये म्हणून त्याच झाडावर एक प्रेतही बांधून ठेवले. वर्ष संपता संपता कौरवांनी विराटाच्या गाई पळवल्या. तेव्हा अर्जुनाने झाडावरून आपले धनुष्य काढले आणि गाई सोडवल्या. तो दिवस दशमीचा होता असे लोक मानतात, म्हणून दसऱ्याला शमीची पूजा करतात. याशिवाय रामाने रावणावर आणि देवीने महिषासुरावर विजय मिळवला, त्यांचीही आठवण या दिवशी करतात. उत्तरेत रावणाचे पुतळे जाळतात, हे तुम्ही पाहिले असेल.

मला स्वतःला या सर्व कथांत आपट्याच्या पानाची कथा अधिक आवडते. तिच्यात लढाई होता होता राहते.

वरतंतू नावाच्या ऋषींचा कौत्स नावाचा एक शिष्य होता. शिक्षण संपल्यावर त्याने विचारले, "गुरुजी, मी आपल्याला काय देऊ?" गुरू म्हणाले, "काही नको. तू मनापासून शिकलास, तेच पुरे." पण कौत्स पुन्हा पुन्हा विचारू लागला. शेवटी गुरू रागावले आणि म्हणाले, "मी तुला चौदा विद्या शिकवल्या. चौदा कोटी सुवर्णमुद्रा घेऊन ये." गरीब कौत्स रघु राजाकडे गेला. रघूने नुकताच मोठा यज्ञ करून सारी संपत्ती दान केली होती. पाहुण्याला पाणी द्यायला त्याच्याकडे मातीचे भांडे उरले होते. ते पाहून कौत्स मागणी न करताच परत निघाला. पण आपल्या दारातून विद्यार्थी रिकाम्या हाताने गेला, ही गोष्ट रघूला सहन होईना. त्याने धनाचा देव कुबेर याच्यावर स्वारी करण्याचे ठरवले. स्वारी निघण्यापूर्वीच रात्री सोन्याचा पाऊस पडला. रघू म्हणाला, "हे सगळे तुझ्यासाठी आले आहे, सगळे ने." कौत्स म्हणाला, "मला चौदा कोटींपेक्षा एकही जास्त नको." देणारा जास्त देतो आहे आणि घेणारा जास्त घेत नाही, असे भांडण दोघांत लागले.

ही कथा कालिदासाच्या 'रघुवंश' या संस्कृत काव्यात आहे. काव्यात सोने राजाच्या खजिन्यात पडते. लोकांनी मात्र त्यात भर घातली की सोने आपट्याच्या झाडावर पडले आणि उरलेले सोने प्रजेने वाटून घेतले. म्हणून दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून वाटतात. लोकांनी केलेला बदल मला जास्त शहाणपणाचा वाटतो. खजिन्यातले सोने राजाच्या ताब्यात राहिले असते. झाडावरचे पान आज झोपडीतला माणूसही बंगल्यातल्या माणसाला देऊ शकतो.

आपट्याचे पान ओळखणे सोपे आहे. एकाच देठावर दोन पाने जोडल्यासारखा त्याचा आकार असतो आणि ते जाडसर व खरखरीत असते. बाजारात पुष्कळदा आपट्याऐवजी कांचनाची पाने विकतात. तीही दुभंगलेली असतात, पण सामान्यतः मोठी आणि पातळ असतात. एका दिवसासाठी झाडांच्या फांद्याच्या फांद्या तोडतात, हे काही बरे नाही. एका माणसाला एक पान पुरते. जुड्यांचे ढीग संध्याकाळी रस्त्यावर तुडवले जातात.

घरांतील चाली थोडक्यात सांगतो. दसऱ्याआधी नऊ दिवस नवरात्र असते. पहिल्या दिवशी मातीत धान्य पेरून त्यावर घट, म्हणजे पाण्याचा कलश, ठेवतात. नऊ दिवसांत पिवळसर कोवळे अंकुर वर येतात. दसऱ्याला हे अंकुर टोपीत किंवा पागोट्यात खोवतात. दाराला आंब्याची पाने आणि झेंडूची फुले यांचे तोरण बांधतात. कल्याणच्या बाजार समितीच्या फूलबाजारात आणि ठाण्याच्या जांभळी नाक्यावर त्या दिवसांत झेंडूचे डोंगर दिसतात. गंमत अशी की झेंडू हे मूळचे अमेरिका खंडातील फूल आहे. युरोपीय लोकांच्या जहाजांतून ते इकडे आले. म्हणजे रघु राजाच्या दाराला ते तोरण नक्कीच नव्हते. पण आज झेंडूशिवाय दसरा होत नाही. दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक मानतात. गुढी पाडवा, अक्षय तृतीया आणि दसरा हे तीन पूर्ण आणि दिवाळीचा पाडवा हा अर्धा. या दिवशी नवे काम सुरू करायला वेगळा मुहूर्त पाहावा लागत नाही, म्हणून नवी रिक्षा किंवा नवे दुकान याच दिवशी सुरू होते.

मराठी शाळांत या दिवसांत पाटीपूजन होते. मुले पाटीवर एकचे आकडे मांडून सरस्वतीचे चित्र काढतात आणि पाटी, वही, पुस्तकांची पूजा करतात. आपल्या घरांतही मुलगा चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचा झाला की बिस्मिल्लाहचा समारंभ करण्याची जुनी रीत आहे. दोन्हींमागची श्रद्धा वेगळी आहे, त्यांना एक म्हणण्याचे कारण नाही. पण अक्षर ही मान देण्याजोगी वस्तू आहे, हे दोन्ही घरांतील आजी मुलांना सारखेच सांगते. पुस्तकाला पाय लागला की ते कपाळाला लावणारी मुले मी दोन्ही समाजांत पाहिली आहेत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. म्हणून बौद्ध कुटुंबांत हा दिवस धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणून पाळतात. एका चाळीतल्या तीन दारांत दसऱ्याच्या दिवशी तीन वेगळ्या गोष्टी चाललेल्या असू शकतात.

आता पुन्हा कारखान्यांकडे वळू. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे ज्याला आपण एम.आय.डी.सी. म्हणतो, ते १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले. त्याच्या कामाचा आरंभ वागळे इस्टेटमध्येच झाला. कोकण, घाट, मराठवाडा, उत्तर प्रदेश, दक्षिणेकडील राज्ये अशा सर्व ठिकाणांहून माणसे येथे कामाला आली आणि किसननगर, श्रीनगर, हाजुरी अशा वस्त्यांतून राहू लागली. गावाकडे ते दसऱ्याला नांगर, कोयता, विळा धुऊन पुजत असत. येथे नांगर नव्हता. मग ज्या वस्तूवर पोट चालते, तिची पूजा सुरू झाली. लेथ, ड्रिल मशीन, प्रेस, तसेच हातोडा, पाना, पक्कड, छिन्नी, कानस.

दसऱ्याला सुट्टी असते, म्हणून बहुतेक कारखान्यांत हे काम आदल्या दिवशी, खंडेनवमीलाच उरकतात. पूजा पाच-दहा मिनिटांची असते, पण सफाईला अर्धा दिवस लागतो. लेथ साफ करायचा तर प्रथम मेन स्विच बंद करतात. मग बेडखाली आणि कोपऱ्यांत साठलेला लोखंडाचा कीस काढतात. तो हाताने काढायचा नसतो, कारण त्याच्या कडा पात्यासारख्या असतात. त्यासाठी ब्रश किंवा लोखंडी आकडा वापरतात. नंतर थंडाव्यासाठी वापरलेले दुधाळ पाणी काढून टाकी धुतात. रॉकेलने तेलाची काळी पुटे सुटतात. कोरड्या चिंधीने सर्व पुसून शेवटी घासल्या जाणाऱ्या भागांवर स्वच्छ तेलाचा हात फिरवतात. चार महिन्यांच्या दमट हवेनंतर यंत्राला याची गरजच असते. एरवी मालाच्या घाईत हे काम मागे पडते. उद्या पूजा आहे म्हटल्यावर ते टाळता येत नाही. सैनिकाने तलवारीचा गंज काढणे आणि टर्नरने लेथचा गंज काढणे यांत मला काही फरक दिसत नाही. ऋतू तोच, लोखंड तेच.

सफाई झाली की यंत्रावर हळद-कुंकू लावतात, फूल वाहतात, हार घालतात, नारळ फोडतात. पॅकिंगच्या कामावर असलेल्या स्त्रिया दारात रांगोळी काढतात. मालक सर्वांना मिठाई देतो. दिवाळीच्या बोनसची कुजबुजही बहुधा याच दिवशी सुरू होते. उत्तरेकडून आलेले कामगार १७ सप्टेंबरच्या सुमारास विश्वकर्मा पूजा करतात. अशा काही गाळ्यांत यंत्रांना वर्षातून दोनदा आंघोळ घडते.

रस्त्यावर पाहाल तर रिक्षा, टेम्पो आणि बसगाड्याही हार घालून फिरत असतात. ठाणे, डोंबिवली, कल्याणकडून मुंबईला रोज जाणारे प्रवासी आपल्या लोकलच्या डब्यालाही तोरण बांधतात. मोटरमनच्या केबिनवरही फुले दिसतात. डबा त्यांच्या मालकीचा नसतो, पण आयुष्यातील कितीतरी तास त्या डब्यात जातात.

या कारखान्यांत मुसलमान कामगार पुष्कळ आहेत. काही गाळ्यांचे मालकही मुसलमान आहेत. मग ते खंडेनवमीला काय करतात? मी पाहिले आहे ते सांगतो. आपले यंत्र ते स्वतः साफ करतात, कारण त्या यंत्राची खोड त्यांनाच ठाऊक असते. हळद-कुंकू लावण्याचे काम हिंदू सहकारी करतात. आरतीच्या वेळी कोणी बाजूला उभा राहतो, कोणी चहा प्यायला बाहेर जातो. त्याबद्दल कोणी कोणाला काही विचारत नाही. मिठाईच्या वेळी पुन्हा सगळे एकत्र येतात. मुसलमान मालकाच्या गाळ्यात हिंदू कामगार पूजा करतात आणि मिठाईचे पैसे मालक देतो. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी हिंदू सहकारी दहा मिनिटे दोन यंत्रे सांभाळतो, त्याचे हे दुसरे टोक आहे.

एकदा नववीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, काकांनी दिलेलं पान घेतलं तर चालतं का? आमच्या गल्लीतला एक जण म्हणाला, घेऊ नकोस." वर्ग एकदम शांत झाला, म्हणजे प्रश्न पुष्कळांच्या मनात होता. मी सांगितले ते असे. पूजा ही श्रद्धेची बाब आहे. ती ज्याची आहे त्याने करावी. दुसऱ्याला ती करायला लावू नये आणि दुसऱ्याने तिची चेष्टाही करू नये. पान मात्र माणूस माणसाला देतो. "सोने घ्या, सोन्यासारखे राहा," असे म्हणून तो तुमचे भले चिंतितो. ते चिंतन घ्यायला हात पुढे करण्यात अडचण कसली? मूर्तीपुढे ठेवलेला प्रसाद घ्यावा की नाही, याबद्दल आपल्या घरांत वेगवेगळी मते आहेत. तुमच्या घरचे जे सांगतील ते ऐका. पण नको म्हणायचीही एक रीत असते. तोंड फिरवून जायचे नाही. "राहू द्या काका, तुम्हांला दसऱ्याच्या शुभेच्छा," एवढे म्हणायला आले पाहिजे. मराठीचा तास त्यासाठीही आहे.

त्या मुलाने मग विचारले, "आणि परत काय द्यायचं?" परत काही द्यायचे नसते. लहान मुले मोठ्यांच्या पाया पडतात, बरोबरीचे गळाभेट घेतात. आपण हात मिळवावा किंवा सलाम करावा. "तुम्हीही सोन्यासारखे राहा," असे म्हणावे. कुणी शमीची पाने दिली तर शमी हे झाडाचे नाव आहे हे लक्षात ठेवा. आपल्या शमा या शब्दाशी त्याचा संबंध नाही.

अवजारांबद्दलचा आदर आपल्याला नवा नाही. अल्लाहने हजरत दाऊद यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि ते चिलखते बनवत, असे कुरआनात सांगितले आहे. लोखंडाचे काम करणारे जुने उस्ताद आपल्या धंद्याचे नाते त्यांच्याशी सांगतात. कारखान्यातील मराठी बोलीही आपल्याला जवळची आहे. कारखाना तर फारसीच. अवजार म्हणजे तुमचे औजार, हजेरी म्हणजे हाजिरी, मजूर म्हणजे मजदूर, कारागीर म्हणजे कारीगर.

वागळे इस्टेट आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. अनेक मोठे कारखाने बंद पडले किंवा दुसरीकडे गेले. त्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती आल्या आणि तेथे संगणकांवर काम चालते. तेथेही दसऱ्याला संगणकाच्या कडेला कुंकवाचा ठिपका आणि एक झेंडू दिसतो. पण अर्धा दिवस बसून साफ करावे असे तेथे फारसे काही नसते, त्यामुळे पाच मिनिटांत सण संपतो. मला ते थोडे सुने वाटते.

आमच्या ओळखीचे एक टर्नर चाचा आहेत. एकाच लेथवर त्यांनी अनेक वर्षे काम केले. कारखाना बंद झाला, यंत्रे भंगारवाल्याने नेली. चाचांच्या जवळ त्यांची स्वतःची पेटी उरली. तिच्यात एक मायक्रोमीटर, एक व्हर्नियर, चार कानशी आणि काही पाने आहेत. खंडेनवमीला ते ही पेटी उघडतात, एकेक वस्तू पुसतात, तेलाचा हात लावतात आणि पुन्हा नीट ठेवतात. हळद-कुंकू नाही, फूल नाही. त्यांचा जुना सोबती, जो शेजारच्या लेथवर होता, तो दसऱ्याला पान घेऊन येतो आणि चाचा त्याला पेटी दाखवतात. त्यांचा नातू आता आय.टी.आय.मध्ये फिटरचा अभ्यासक्रम करतो. त्याला मायक्रोमीटर वापरायला मिळतो, पण पुसून परत द्यावा लागतो.

आय.टी.आय.मध्ये शिकायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. सुट्टीनंतर कामावर आल्यावर स्विचला हात लावण्यापूर्वी यंत्रावरचे हार काढायचे असतात. हाराचा दोरा फिरत्या चकमध्ये गुंतला तर तो बाही, बोटे काहीही आत ओढू शकतो. म्हणून जुने कामगार हार काढतात, दोऱ्याचा एखादा तुकडा राहिला नाही ना हे चकभोवती हात फिरवून पाहतात, खाली पडलेल्या पाकळ्या झाडून घेतात आणि मगच यंत्र सुरू करतात.